रंगाखालची नळी

५ एप्रिल, शनिवार. काम एकच होतं : कोलशेतच्या मैदानात उभ्या असलेल्या दुसऱ्या पिकअपच्या चासीवरचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा, काळा रंग खरवडून काढायचा. मी रजा टाकली होती, जुना ड्रेस घातला होता आणि डोक्याला फडकं बांधलं होतं. हा रंग माझ्या धाकट्या भावाने, प्रकाशने, दर वर्षी जयंतीच्या आधी स्वतःच्या हाताने लावलेला. थरावर थर. प्रकाश फेब्रुवारीत गेला, आणि या रंगाने त्याला नेलं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या बायकोला, रेखाला, ते मान्य नव्हतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे त्याचा फोटो लावून ही गाडी तिला स्वतः चालवायची होती, त्यानंतर धंद्यालाही लावायची होती, आणि त्याआधी त्याच्यासारखाच रंगाचा आणखी एक हात द्यायचा होता. म्हणून ती यायच्या आत मी गाडीखाली शिरले.

बातमी मला तिनेच दिलेली. मी कल्याणला एका रुग्णालयात सिस्टर आहे, वॉर्डात होते. फोनवर ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, ह्यांना लोकांनी मारलं. पुलाखाली." मला वाटलं भांडण झालं असेल. प्रकाशच्या बाबतीत पहिला अंदाज नेहमी भांडणाचाच असायचा. पण तसं नव्हतं. त्याच्या पहिल्या पिकअपमध्ये फरशा भरलेल्या, नेहमीसारख्या जास्तच. ठाकुर्लीच्या पुलावरून उतरताना मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी फुटली, आणि एवढा भार नुसत्या पुढच्या चाकांच्या ब्रेकला झेपला नाही. त्याने हँडब्रेक ओढला, गिअर पाडला, गाडी कठड्याला घासत नेली... त्या कठड्यावर अजून निळा ओरखडा आहे. तरी ती खाली उभ्या असलेल्या रिक्षांत घुसली आणि भिंतीवर आदळून थांबली. मागच्या फरशा केबिनचा पत्रा फाडून आत आल्या. एका रिक्षावाल्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. प्रकाश स्वतःच्या पायाने उतरला, असं पाहणारे सांगतात. "ब्रेक गेला, ब्रेक गेला" ओरडत तो त्या रिक्षावाल्याकडेच निघालेला. लोकांनी त्याला तिथवर पोचू दिलं नाही. दारू प्यायलाय म्हणून बडवला. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस.

मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. छातीवर स्टिअरिंगची काळीनिळी कमान उमटली होती आणि पाठीवर बूट. एका बुटाची खूण इतकी स्वच्छ होती की तळव्याची नक्षी दिसत होती. कोणत्या खुणेने जीव घेतला ते शवविच्छेदनाच्या कागदावरून कळत नाही. इतकी वर्षं मी जखमा पाहते आहे, मलाही सांगता येणार नाही. माझा हात धरून तो म्हणाला, "ताई, पॅडल पार खाली गेलेलं. पाय काढलेला नाय मी त्याच्यावरनं." एवढंच. मग त्याला आत नेलं, आणि आतून तो आला नाही.

आमच्या घरात मार हा बोलण्याचाच एक प्रकार होता. कोपरीच्या चाळीत वडील पट्ट्याने बोलत, आई लाटण्याने. प्रकाश लवकर बोलायला शिकला. शाळेत एका मुलाने आमच्या पाण्याच्या बाटलीवरून काही तरी म्हटलं, तर याने तीच बाटली त्याच्या कपाळावर फोडली. मास्तरांनी याला फोडला, घरी वडिलांनी फोडला, आणि तो रात्री पांघरुणातून मला म्हणाला, "पण परत नाय बोलणार तो." हिशेब तिथे मिटला त्याच्या लेखी. मोठेपणी पिकअप घेतली, मग दुसरी घेतली, लग्न झालं, केस पिकले, पण हात तसाच पुढे. मी त्याच्यावर सुंदर लेख लिहायला बसलेली नाही. तो प्रेमळ होता आणि तो मारकुटा होता. दोन्हींसाठी तो एकच हात वापरायचा.

एकदा कोपरीलाच, स्टेशनच्या बाजूला, एका टेम्पोने आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या दूधवाल्याला उडवलं. टेम्पोवाल्याला केबिनमधून खेचणारा पहिला हात प्रकाशचा होता. मग बाकीचे आले. घरी आला तेव्हा त्याच्या बोटांची हाडं उघडी पडली होती. मी आयोडीन लावत होते आणि तो फुशारकीने सांगत होता, "साला म्हणतो, ब्रेक फेल झाला भाऊ! सगळे हेच सांगतात."

"आणि खरंच झाला असेल तर?"

"ताई, गाडी सांभाळली की ब्रेक फेल नाय होत. माझा कधी झालाय?"

दूधवाला लंगडत का होईना, चालू लागला. त्या टेम्पोवाल्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. आम्ही विचारलंही नाही.

रेखाला गाडी शिकवली तीही याच मैदानात. मैदान म्हणजे खाडीत भराव टाकून केलेली जागा. मोठ्या भरतीला खारं पाणी चाकांपर्यंत येतं. ती क्लच सोडायची, गाडी उडी मारून बंद पडायची, आणि हा बाजूला बसून बोंबलायचा. तिसऱ्या-चौथ्या उडीला त्याने तिच्या डोक्यात चापट मारली. रेखाने गाडी बंद केली, चावी काढली, खाली उतरली आणि ती चावी ओहोटीच्या चिखलात लांब भिरकावली. "शोध आता," म्हणाली आणि घरी गेली. नवऱ्याला एकेरीत बोललेली ती तेवढी एकच वेळ. हा संध्याकाळपर्यंत चिखल उपसत होता. कमरेपर्यंत काळा होऊन, हसत हसत घरी आला आणि चावी तिच्या हातात ठेवून म्हणाला, "मॅडम, उद्या किती वाजता?" त्यानंतर तिच्यावर त्याचा हात उठला नाही. पुढे ती त्याच्यापेक्षा चांगली चालवू लागली. हे तो स्वतः सांगायचा, फक्त तिच्यासमोर नाही.

जयंतीची मिरवणूक म्हणजे त्याची परीक्षा. एका गाडीवर रथ, दुसरीवर स्पीकर. आठ-दहा दिवस आधी तो मैदानात चटई टाकून गाडीखाली आडवा व्हायचा आणि चासीला काळा रंग द्यायचा. वरचा निळा सगळेच मारतात, म्हणायचा, माझी गाडी खालूनही बघा. फळ्या, पट्ट्या, बोल्ट, ब्रेकच्या नळ्या, सगळं एका ब्रशने, सगळं एकसारखं चकाचक. जुना रंग मात्र कधी खरवडायचा नाही. शेजारी गाडी लावणारा दत्तू दर शनिवारी बोनेटला ताजं लिंबू-मिरची बांधतो. प्रकाश त्याला खालून चिडवायचा, "दत्तू, लिंबू पिळून ब्रेक लागतो काय रे?" दत्तूही काही कमी नाही. "तुझा रंग बघून खड्डा बाजूला सरकतो काय रे, पक्या?" दोघं हसायचे. लिंबाला हसणारा माझा भाऊ. रंग हेच आपलं लिंबू झालं आहे, हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

पोलीस ठाण्याच्या आवारात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने मला ती फुटलेली नळी दाखवली. बाहेरून काळी, गुळगुळीत, अगदी नवी वाटणारी. त्याने दोन बोटांत धरून दाबली आणि ती बिस्किटासारखी मोडली. आत तपकिरी भुगा. खारं पाणी एका जागी शिरलं, वरून रंग बसला, पाणी आत कोंडलं. पुढच्या वर्षी पुन्हा पाणी, पुन्हा रंग. नळी कुजून गेली तरी तिचा आकार रंगाने धरून ठेवला होता. प्रकाशच्या हत्यारांच्या पेटीत रंगाचा ब्रश सापडला, केस झडून टकला झालेला. रंग खरवडायची लोखंडी पट्टीही सापडली. तिच्या धारेवर दुकानाचा कागद तसाच होता.

तीच पट्टी घेऊन मी त्या शनिवारी गाडीखाली होते. पुढच्या बाजूचा हातभर रंग निघाला असेल, तोच माझा घोटा कुणी तरी धरला आणि मला फरफटत बाहेर ओढलं. रेखा. बाजूला रंगाचा नवा डबा.

"कोणाला विचारून हात लावला?"

"रेखा, ऐक..."

"त्यांच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे! कपडे तुम्हीच वाटून टाकायला लावलेत, आता हे पण खरवडा!"

"अगं, हात नाही तो. रंग आहे."

तिने माझ्या थोबाडीत मारली. मीही तिच्या मारली. मीही त्याच चाळीतली आहे. दत्तू लिंबाचा दोरा हातात घेऊन बघत राहिला. माझ्या ओठातून रक्त येत होतं. मी ते पुसलं आणि म्हटलं, "चावी आहे ना? चाकांना दगड लाव, गाडी सुरू कर आणि पॅडल दाब. मागच्या रंगाला मी अजून हात लावलेला नाही. तो टिकला तर मी घरी जाते, तू खुशाल रंगव."

ती वर चढली. मी पुन्हा खाली सरकले, मागच्या चाकाजवळ. इंजिन सुरू झालं आणि तिने पॅडलवर लाथ घातली. लाथच ती; माझ्यासाठी होती, पुलाखालच्या लोकांसाठी होती, त्याच्यासाठीही असेल. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर काळा गुळगुळीत रंग फोडासारखा फुगला आणि फुटला. ब्रेकचं तेल सरळ तोंडावर आलं. डोळ्यांत आग उठली. इंजिन बंद झालं. 

"ताई."

"काय?"

"खाली गेलं."

"किती?"

"पार."

तिने मला बाहेर काढलं, मांडीवर डोकं घेऊन बाटलीतल्या पाण्याने डोळे धुतले. पाणी नीट डोळ्यांतच पडत होतं. मग रंगाचा डबा उचलून दत्तूला देऊन टाकला. "नळ्या सगळ्या नव्या टाकायच्या," म्हणाली. "चासी अशीच राहू दे. उघडी. मिरवणुकीत अशीच नेणार. बघू दे लोकांना खालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेले डोळे घेऊन मी पट्टीसकट मैदानात गेले. रेखा माझ्या आधी आलेली आणि दत्तूच्या पिकअपच्या दाराशी उभी राहून त्याच्याशी भांडत होती.

"वैनी, माझी गाडी एकदम ओके आहे. कालच तुमच्या डब्यातला रंग मारलाय, बघा तरी!"

"चावी."

"अहो, लिंबू पण ताजं आहे..."

"दत्तूभाऊ, चावी द्या, नाहीतर चिखलात शोधायला लावीन."

त्याने चावी दिली. रेखा त्याच्या केबिनमध्ये चढली. मी डोक्याला फडकं बांधलं, प्रकाशची चटई त्या पिकअपखाली सारली, आडवी झाले आणि तोंड या वेळी बाजूला वळवून वर ओरडले, "रेखा, दाब."