वड्यांची खाट

“ए भैया, गाडी पीछे लो! वड्या सुकून राहिल्या, दिसत नाही?”

काकू अशा गरजल्या की तो मोटरसायकलवाला थेट नर्मदेत जाऊनच थांबला असेल. गोहलपूरच्या बोळात त्यांची खाट आडवी, खाटेवर मुगाच्या वड्या. मागे सायकल धरून मी उभा. मोठ्या रस्त्यावर ट्रक रोज माझे कान चाटून जायचे. बायकोनं माझ्या हार घातलेल्या फोटोसाठी भिंतही निवडली होती, म्हणून त्या दिवशी बोळात शिरलो.

काकूंनी खाट हातभर सरकवली. “चला भाऊ, निघा.”

तेव्हापासून माझी घंटी वाजली की खाट सरकते. काकूंचं नाव आजही ठाऊक नाही. एकदा हात जोडले, “काकू, तुमच्यामुळे जिवंत आहे.”

खाट परत ओढत त्या म्हणाल्या, “सायकलीचा धूर वड्यांवर बसत नाही.”