रुमाल टाकून जागा धरणे: एक शोधनिबंध

माझी नोकरी एका खोट्या शोधनिबंधावर लागली. हे मी लोकांना सांगते तेव्हा ते हसतात, आणि मला दर वेळी नव्याने धक्का बसतो की हे हसण्यासारखं आहे.

तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कोणीच नाही. विभागात माझ्यासारखेच आणखी एक सर होते. मी तीन वर्षं तशी, ते आठ वर्षं. ते रोज अचलपूरहून एसटीने यायचे, मी अकोल्याहून. होळीच्या आदल्या दिवशी हे सर लॅबमध्ये एक खोटी आंतरराष्ट्रीय परिषद भरवायचे. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की विभागातला एक विद्यार्थी कधीतरी नेपाळला जाऊन आला होता.

परिषद खोटी, पण शिस्त खरी. गोषवारा, पद्धत, निष्कर्ष, संदर्भ, सगळं पाहिजे. एका मुलीने सिद्ध केलं, की लाइट गेली की कोणताही प्रोग्रॅम बिनचूक थांबतो. माझा विषय होता रुमाल. संगणकात एकच गोष्ट दोन प्रोग्रॅमनी एकदम मागितली तर भांडण होतं, म्हणून आधी आलेल्याला तिथे कुलूप लावू देतात. मी दाखवून दिलं, की आपल्या बसस्टँडवर हे कुलूप कधीचंच आहे. खिडकीतून रुमाल आत टाकला की सीट आपली. रुमालावर रुमाल पडला तर दोन्ही मालक भांडत उभे राहतात आणि बसतो तिसराच. हे मी माझ्या वाटेवरच्या मूर्तिजापूर स्टँडवर पाहिलं होतं, म्हणून याला ‘मूर्तिजापूर स्थिती’ असं नाव दिलं. नमुना, एक बस. संदर्भ, एक कंडक्टर आणि एक टोपलीवाल्या आजी.

“टॉवेल टाकला तं दोन सीटा भेटतात काय, मॅडम?” अध्यक्षांच्या खुर्चीतून सरांनी गंभीरपणे विचारलं. पोरं बाकांवर पडून हसली.

शेवटी प्रमाणपत्रं. आमच्या धंद्यात प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कार्यक्रम झाला असं कोणी धरतच नाही, मग गमतीतून तरी ते कसं सुटावं? सरांनी ती घरी बसून बनवली होती, सोनेरी किनार, गोल शिक्का, खाली अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव आणि सही. माझ्या निबंधाचं इंग्रजी शीर्षक त्यांनी असं काही भारदस्त केलं, की त्यात ना रुमाल दिसत होता ना एसटी. वाचताना मीच दबले.

त्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. एकच. आम्ही दोघांनीही अर्ज केला. फाइल जाड दिसली पाहिजे म्हणून मी घरातली सगळी प्रमाणपत्रं उचलून झेरॉक्सवाल्याला दिली आणि यादीही त्यालाच टाइप करायला सांगितली. मेहंदी स्पर्धेच्या परीक्षकपदापासून सगळं त्याने ओळीने लावलं. मी सही केली, वाचलं नाही.

सरांची फाइल बारीक होती. तीन वर्षं त्यांनी सुट्टीच्या दिवशी संत्र्याच्या बागांमधून हिंडून रोग पडलेल्या पानांचे फोटो काढले होते, आणि पान पाहून फोनच रोग ओळखेल असा प्रोग्रॅम लिहिला होता. तो चालत होता, मी पाहिला होता. फक्त त्यावरचा निबंध अजून छापून यायचा होता.

मुलाखतीला आधी मी गेले. तज्ज्ञांनी फाइल उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. “आंतरराष्ट्रीय परिषदेतला हा निबंध. यात नवीन काय आहे?”

सोनेरी किनार मी लगेच ओळखली. सर, ती होळीची गंमत होती, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, “मध्यवर्ती नियंत्रणाशिवाय वाटप, सर.”

“नमुना?”

“मर्यादित आहे, सर.”

“पुढची दिशा?”

“मोठ्या यंत्रणेवर चाचणी.”

ते मान डोलवत लिहीत होते. हे बोलतंय कोण, म्हणून मी स्वतःच हादरले होते. बाहेर आले तर सरांना आत बोलावणं आलेलं. काही सांगायला वेळच मिळाला नाही. निदान मी तसं स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांनी पत्र मला आलं. मी लाजेने मेल्यासारखी झाले होते. सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

“मले मालूम हाय, मॅडम,” ते म्हणाले. “त्याइनं मलेच इचारलं ना. तुमच्याच परिषदेत वाचलेला निबंध हाय, काम कसं हाय म्हणे.”

“मग?”

“मंग काय. चांगलं हाय म्हटलं.”

मी फोनवर ओरडलेच. “अहो सर! एका वाक्याचं काम होतं! जागा तुमची होती! काहून नाही सांगितलं?”

“तुमी सोता सांगितलं नाई, तं मले वाटलं, तुमाले लयच गरज असन.”

मला गरज होती ती रोजचा प्रवास टळण्याची. बस, एवढीच. हे मी त्यांना सांगितलं नाही. सोमवारी रुजू झाले, आणि निवड समितीला खरं काय ते कळवायचं पत्र आजतागायत लिहिलेलं नाही.