तिसऱ्या पायरीवरचा डाग

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत सगळे शेपूट-मावशी म्हणतात. ती तिथे झाडलोट करते आणि वर्षाची सहल निघाली की रांगेच्या शेवटी चालते, कोणी मागे राहू नये म्हणून.

सहल दरवर्षी तीच. आधी गावाची जुनी तटबंदी, मग तिचे दगड जिथून काढले ती खाण. शाळेच्या पायऱ्याही त्याच दगडाच्या. खाणीच्या तळाशी दगडात शिंपले आहेत म्हणे, कधीकाळी इथे समुद्र होता तेव्हाचे. मुलं वर येऊन तेच बोलत सुटतात. हिने मात्र एकही पाहिला नव्हता. दरवेळी कोणाला तरी उलटी होते, कोणाचा पाय मुरगळतो, आणि त्याच्यापाशी शेपटाने बसायचं हे ठरलेलं.

यंदा ती निवृत्त होणार, म्हणजे ही तिची शेवटची सहल. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन पाय पसरून भिंतीला टेकली.

"ताई, उद्या आभाळ कोसळू दे, मी खाली उतरणार."

"गुडघे काय म्हणतात?"

"त्यांना विचारलंय कोणी!" मग नेहमीचं रडगाणं. "शाळेच्या तिसऱ्या पायरीवरचा तो पांढरा डाग आजही घासला. हलत नाही मेला."

दुसऱ्या दिवशी खाणीच्या काठावरच एका मुलीला भोवळ आली. हिने निमूट तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाकीचे उतरले, पाहून वर आले. बाई बसकडे वळल्या आणि हिचा चेहरा पाहून थांबल्या.

"मावशी, तुम्ही पाहिलंत ना कधी?"

"कधी पाहू? मांडीवर कोणीतरी असतंच."

बाई ओशाळल्या. स्वतः मुलीपाशी बसल्या. "जा तुम्ही. आम्ही थांबतो."

संध्याकाळी ही आली ती माझ्या उंबऱ्यावरच बसली.

"दिसला?"

"दिसला. पांढरट, हातपंख्यासारखा, वर रेघा." मग गुडघे चोळत म्हणाली, "ताई, तो माझा डाग आहे गं. हुबेहूब."

मला हसू फुटलं. तिलाही आलं, पण अर्धंच.

"इतकी वर्षं शिंपला घासला मी! आणि तोच पाहायला गुडघ्यांचे हाल केले."

"मुलांना सांगितलंस?"

"दम कुठे होता? ती तर 'शेपूट आलं, चला' म्हणून ओरडत होती. उद्या दाखवीन."

"आणि पायरी?"

"पुसायची तर आहेच. घासणार नाही."

चपला काढायला गेली, तर तिच्याने वाकवेना. मीच काढल्या.