दोन पाळ्यांची स्क्रीन

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत एकच संगणक होता. सकाळी सहापासून दोनपर्यंत तो ताईंचा. दोनपासून रात्री दहापर्यंत दुपारवाल्यांचा. रात्री त्याला कुणी हात लावत नसे. काम दोघांचं एकच. दर तासाला टाकीतलं पाणी काढायचं, त्यातलं क्लोरीन आणि गढूळपणा मोजायचा, आकडा भरायचा.

सहा वर्षं दोघं एकाच खुर्चीत बसत होते, पण भेट अशी नव्हतीच. घरी अण्णा अंथरुणाला खिळलेले. वडिलांना सांभाळणारी बाई अडीचला निघून जाई, म्हणून ताई पावणेदोनची बस गाठत. दुपारवाले दोनच्या ठोक्याला येत. मधली पंधरा मिनिटं पंपवाले काका बघत. ताईंनी त्या माणसाला दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा बसच्या खिडकीतून, पाठमोरं. बाकी ओळख खुर्चीची. रोज सकाळी ताईंचे पाय लोंबकळत. पहिलं काम म्हणजे दांडा ओढून खुर्ची खाली करणं.

एका सकाळी स्क्रीनवरची कचऱ्याची टोपली कोपरा सोडून मधोमध येऊन बसली होती. माउस घसरला असेल, म्हणून ताईंनी ती जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मधोमध. तिसऱ्या दिवशी ताईंनी ती उचलून भलत्याच कोपऱ्यात नेली. तिथून सुरू झालं.

स्क्रीनवर चौदा आयकॉन होते. चौदांत काय काय मांडता येतं! होडी, छत्री, शिडी. एकदा बदक आलं, त्याला ताईंनी चोच लावून दिली. अक्षर मात्र कुणी लिहिलं नाही. अण्णांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा ताई चार दिवस रजेवर होत्या. परत आल्या तर सगळे आयकॉन कडेला दाटीवाटीनं उभे, आणि मधे जागा मोकळी. कुणीतरी येऊन बसावं एवढी. त्या दिवशी ताईंनी काही हलवलं नाही.

भावाचा फोन आला की मागून वहिनी ओरडत, "अगं, जरा चार माणसांत मिसळ!" ताई नुसत्या हसत.

मग कॉम्प्युटरवाला आला.

"ताई, या सिस्टीमचा सपोर्ट पुढच्या महिन्यात संपतोय. बुधवारी दुपारी नवीन टाकतो."

"चालतंय की नीट."

"चालेल हो. पण पुढे हिला कुणी वाली नाही. आत काही शिरलं, तर पाण्याचे आकडे गेले."

शहराच्या पाण्याचा प्रश्न होता. "सगळं येईल ना नवीनमध्ये?"

"एक फाइल इकडची तिकडे होणार नाही. आणि आता लॉगिन वेगळं. स्क्रीनसुद्धा ज्याची त्याला."

"म्हणजे चुली वेगळ्या झाल्या म्हणा!" काका दारातून म्हणाले.

कॉम्प्युटरवाला खो खो हसला. ताई काचेची नळी धूत राहिल्या. ती धुतलेलीच होती.

"पूर्वीसारखं एकत्र नाही का ठेवता येत?"

"कशाला, ताई? तुमचं ते बघणार नाहीत, त्यांचं तुम्ही. सुटलात!"

बुधवारी ताईंनी एक नवी फाइल उघडली. 'नमस्कार' लिहिलं. पुसलं. फोन नंबर लिहिला. तोही पुसला. एक वाजता त्यांनी घरी फोन लावला.

"बाई, आज अर्धा तास जास्त थांबाल?"

"थांबते की. पण आज सूर्य कुठून उगवला?"

पावणेदोनची बस गेली. दोनला दार उघडलं. दुपारवाले उंचच होते. कानशिलं पांढरी, हातात डबा. ताईंना बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"तुम्ही?"

"हो. ते आज बदलणार ना..."

"हो. ऐकलं."

दोघंही स्क्रीनकडे बघू लागले. आयकॉन सरळ रांगेत होते. ताईंना आज काही सुचलंच नव्हतं.

"प्रिंटर अजून कागद खातो?" दुपारवाल्यांनी विचारलं.

"खालच्या ट्रेमधून घालते मी."

"असं होय. बरं झालं सांगितलंत."

बाहेर पंप घुमत होता.

"खुर्ची फार वर ठेवता तुम्ही," ताई म्हणाल्या.

ते हसले. "आणि तुम्ही फार खाली. गुडघे हनुवटीला लागतात माझे."

सव्वादोनच्या बसचा हॉर्न वाजला. ताईंनी पिशवी उचलली.

गुरुवारी सकाळी त्यांनी पासवर्ड टाकला. स्क्रीन नवी, निळी. डाव्या कडेला आता सहाच आयकॉन, शाळेतल्या मुलांसारखे शिस्तीत. ताईंनी टोपली उचलून मधोमध ठेवली. ती तिथेच राहिली. उद्याही तिथेच असणार होती.

त्यांनी पहिला आकडा भरायला घेतला. मग लक्षात आलं. पाय जमिनीला टेकले होते. दांड्याला तर त्यांनी हातच लावला नव्हता.

पावणेदोनला उठताना ताईंनी खुर्ची वर केली. दारापर्यंत गेल्या. जास्तच उंच झाली असं वाटलं. परत आल्या, बोटभर खाली घेतली, लांबून पाहिली.

बाहेर बसचा हॉर्न वाजत होता.