रांजणातला आवाज

नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत टीव्ही अजून यायचा होता, आणि रविवारची दुपार रंभाबाईची होती. रेडिओवर नाटक लागायच्या वेळी बायका सूप, तांदूळ, विणकाम घेऊन तिच्या ओसरीवर जमत. कोणी कुठं बसायचं ते रंभाबाई ठरवी. रडायचा प्रसंग आला की आधी तिचा पदर डोळ्याला जाई, मग बाकीच्यांचे. मूलबाळ नव्हतं. नवरा मारोतराव गिरणीतून आला की जेवून आडवा. एरवी घरात बोलायला भांडीच.

मग समोरच्या शोभाताईच्या नवऱ्यानं आपल्या रेडिओला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि आतल्या खोलीत, पंख्याखाली, लाकडी पेटीतला स्पीकर मांडला.

"नाटकातली सासू खोकली न, तर वाटलं आपल्या पाठीशीच बसली हाये!" शेजारची कुसुमताई नळावर सांगत होती.

"खोकला ऐकाले जाता होय तिथं?" रंभाबाईनं बादली आपटली. "माह्या घरी या. मी खोकून दाखवीन."

पुढच्या रविवारी ओसरीवर एकटी रंभाबाई. शेवटी आत जाऊन दाराच्या फटीतून ती शोभाताईच्या उंबऱ्यापुढच्या चपला ओळखत बसली. त्यात कुसुमताईचीही होती. त्या चपलेचा तुटलेला अंगठा रंभाबाईनंच मोच्याकडून शिवून आणला होता. 

"मले तो डबा पाहिजे," तिनं मारोतरावाला उठवलं. "शोभीच्या घरचा. तिच्याहून मोठा."

"आपला रेडिओ नीट बोलून राहिला न वं?"

"बोलून राहिला. पण कोणाशी?"

मारोतरावानं कामठीच्या दादाजीला गाठलं. लग्नात भोंगे लावायचा त्याचा धंदा. त्यानं जुना अ‍ॅम्प्लिफायर आणून रेडिओला जोडला, भलामोठा स्पीकर काढला आणि म्हणाला, "वहिनी, हा मोकळा ठेवू नका. मातीच्या भांड्यावर बसवला तर आवाज भारी येते."

रंभाबाईनं प्यायच्या पाण्याचा रांजण उभ्या उभ्या अंगणात रिकामा केला.

रविवार आला. तिनं चटया अंथरल्या, शेंगदाणे भाजले, बटण शेवटापर्यंत फिरवलं. पहिल्याच वाक्याला कडुलिंबावरचे कावळे उडाले, छपराचे पत्रे थरथरले. शोभाताईनं आपला रेडिओ बंदच केला! रंभाबाई हरखून दारात उभी राहिली. आता येतील.

कोणी येईना.

कुसुमताई आपल्याच अंगणात पाय पसरून तांदूळ निवडत होती. शोभाताई स्वतःच्या दारात बसून केस विंचरत होती.

"रंभाबाई, बेस आवाज हाये वं!" कुसुमताई ओरडली. "घरबसल्या ऐकू येऊन राहिलं. उठाचंही काम नाही!"

अख्खी गल्ली रंभाबाईचा रेडिओ ऐकत होती आणि रंभाबाईपाशी कोणी नव्हतं. तिनं मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले. इकडे नाटकातल्या सुनेनं मेलेल्या सासूची पेटी ओढून काढली, कुलपात किल्ली फिरवली, आणि...

रंभाबाईनं बटण उलटं फिरवलं.

"काय निघालं वं पेटीतून?" शोभाताई कुंपणाशी धावली. स्वतःचा व्हॉल्व्हचा रेडिओ लावून तो तापून बोलू लागेपर्यंत पेटी उघडून झाली असती. "आवाज काहून गेला?"

"गेला नाही. घरात हाये. ऐकाचं असन तर ये."

सुपं आली, विणकाम आलं. शोभाताई अनवाणी, केसांत फणी तशीच. रंभाबाईनं एकेकीला जागा दिली. शोभाताईला दिली उंबऱ्याबाहेरची, उन्हातली.

"इथून नीट ऐकू येत नाही वं."

"पुढच्या रविवारी लवकर ये."

मारोतराव डोळे चोळत आला. रांजणाला कान लावून म्हणाला, "अवं, पहिले होता तेवढाच आवाज हाये आता. मंग हे धूड काहून आणलं?"

"हळू बोला. आता रडाचं हाये," रंभाबाई म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

सगळ्यांचे पदर वर गेले. शोभाताईचा गेला की नाही, तेवढं तिनं तिरप्या नजरेनं पाहून घेतलं.