आजोबा त्या गुरुवारी कुठे होते

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नाही, आणि घरात कागदावर काही लिहिलं जायचं ते म्हणजे अर्ज. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' याच्यापुढे माझा हात अजून नीट चालत नाही. त्यातून विषय खुनाचा आणि लग्नाचा. खुनाबद्दल पोलिसांनी लिहावं, लग्नाबद्दल लग्न झालेल्यांनी. मी दोन्हींत बसत नाही. पण ज्या दोघांची ही हकिगत आहे त्यांनी मला दोन वर्षं आपल्या घरात ठेवून घेतलं, आणि त्यांच्या संसारात मी एकदा नको तिथे तोंड उघडलं. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जर्मनीत कार्ल्सरूहेला इंजिनियरिंगच्या मास्टर्ससाठी आलो तेव्हा शहरात खोली मिळेना. पहिले दोन महिने तिघांच्या खोलीत चौथा म्हणून काढले. मग युनिव्हर्सिटीच्या फलकावरची एक चिठ्ठी वाचून ट्रामने पाऊण तासावरच्या एका गावात गेलो. चर्च, बेकरी, एक सलून, आणि मागे डोंगर. गावाच्या कडेने ओढा जातो. ओढ्याच्या अलीकडे बाडन, पलीकडे श्वाबन, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी न पटणारे दोन जुने प्रांत. नकाशावर ही हद्द आता उरलेली नाही, असं युनिव्हर्सिटीत सांगतात. गावात तसं बोलू नये.

घरमालक सत्त्याहत्तर वर्षांचे, निवृत्त सुतार. मालकीणबाई चौऱ्याहत्तर. तोंडाने मी त्यांना 'हेर' आणि 'फ्राऊ', म्हणजे श्रीयुत आणि श्रीमती, लावून आडनावाने हाक मारायचो, मनात मात्र आजोबा आणि आजी म्हणायचो. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेलेली, आणि भांडण रोज ताजं.

"हा भांडी पुसत नाही," आजी मला सांगायच्या. "भांड्याला नुसतं फडकं दाखवतो."

"आल्झो, हे बघ," आजोबा म्हणायचे, "भांडं समजूतदार असेल तर तेवढं पुरतं."

रविवारी दुपारी मला खाली केक खायला बोलावत. मी एकदा पोहे करून नेले. आजोबांनी आधी सगळे शेंगदाणे वेचून खाल्ले आणि मग, यात लाकडाचा भुसा फार आहे, असं म्हणाले. आजींनी त्यांची ताटली ओढून घेतली आणि उरलेले पोहे स्वतः संपवले. मला बरं वाटावं म्हणून.

खुनाची गोष्ट मला बेकरीतल्या बाईंनी सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी गावातल्या सॉ मिलचा मालक मिलच्या अंगणात मेलेला सापडला. डोक्यात कोणीतरी फळीने मारलं होतं. मारणारा कधी सापडला नाही. "तुझ्या घरमालकावर संशय होता हं," बाई ब्रेड कापता कापता म्हणाल्या, जणू आजोबांना कधीकाळी कांजिण्या झाल्या होत्या असंच सांगत असाव्यात. त्या मालकाने आजोबांना ओलं लाकूड वाळलेलं म्हणून विकलं होतं. एका गिऱ्हाइकाचं कपाट त्यामुळे वाकलं, आणि आजोबा भर बाजारात ओरडले होते, 'तुझ्याच फळ्यांत तुला ठोकीन.' आठ दिवसांनी तो मेला. पण आजींनी पोलिसांना सांगितलं की त्या संध्याकाळी नवरा घरातच होता, दोघं सफरचंदं चिरत बसलो होतो. एवढ्यावर सुटले.

मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही. तीन-चार दिवस जिन्यात आजोबा दिसले की मी उगाचच मोठ्याने 'गुटन मॉर्गन' म्हणायचो. पण जो माणूस कोळ्याला कागदावर घेऊन बाहेर सोडतो, त्याची भीती किती दिवस टिकणार?

मग दुसऱ्या वर्षीच्या वसंतात ते पत्र आलं. पोलिसांनी जुनं प्रकरण पुन्हा उघडलं होतं. मेलेल्या माणसाच्या कोटावर दुसऱ्या कोणाचं तरी रक्त होतं आणि तो कोट जपून ठेवलेला होता. तेव्हा तरुण असलेल्या गावातल्या सगळ्या पुरुषांनी, आणि जे हयात नाहीत त्यांच्या नातेवाइकांनी, शनिवारी जिमच्या हॉलमध्ये येऊन लाळेचा नमुना द्यावा अशी विनंती होती. सक्ती नव्हती. कॉफी आणि केक क्रीडा मंडळातर्फे.

पत्र आजोबांच्या नावाचं होतं, पण ते आजींनी उघडलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तू शिकलेला आहेस. चाळीस वर्षांचं रक्त ओळखता येतं का रे?"

माझा विषय यंत्रांचा. पण कोणी 'तू शिकलेला आहेस' म्हटलं की मला राहवत नाही. घरातला पहिलाच ना मी. मी पंधरा मिनिटं बोललो, पेपर नॅपकिनवर आकृती काढली, आणि शेवटी अगदी आनंदाने सांगितलं, "हो, नक्की ओळखता येतं! चुकायची शक्यता जवळजवळ नाहीच."

आजी खुर्चीत बसल्या.

"तो घरी नव्हता," त्या म्हणाल्या. "सफरचंदं मी एकटीच चिरत होते. साडेनऊला आला. बूट ओलेचिंब. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, फिरायला. आणि गुणगुणत होता! दुसऱ्या दिवशी बातमी कळली. पोलीस दारात उभे राहिले तेव्हा तो तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, घरी होता म्हणून."

"मग नंतर तुम्ही त्यांना विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं," आजी म्हणाल्या. "त्याला खोटं बोलता येत नाही. मग मी काय करणार होते?"

त्यांनी नॅपकिनची घडी घातली आणि माझ्याकडे एकच मागणं केलं. शनिवारी आजोबांना कार्ल्सरूहेला घेऊन जा, प्रयोगशाळा दाखव, संध्याकाळी आण. पत्राबद्दल बोलू नकोस. म्हातारपणी त्याला तुरुंगात गेलेलं मला बघवणार नाही. त्याला तिथलं सूपसुद्धा आवडायचं नाही.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी आईला सगळं सांगितलं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि आईच्या मते त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तिने आधी त्यांना चहा ठेवायला पाठवलं.

"चाळीस वर्षं विचारलं नाही?" ती म्हणाली. "मला चाळीस मिनिटं दम निघाला नसता. तुझे बाबा परवा दहा मिनिटं उशिरा आले तर मी विचारलंच ना, कुठे होता अहो?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, सायकलला हवा भरत होतो. खोटं होतं. भजी खाल्ली होती." मग ती गंभीर झाली. "पण बाळा, तू त्यात पडू नकोस. नवरा-बायकोच्या मध्ये उभ्या राहणाऱ्याला दोन्हीकडून बसतं."

शनिवारी सकाळी मी आणि आजोबा ट्राममध्ये बसलो. त्यांनी कोट घातला होता, केस पाण्याने बसवले होते. दोन स्टेशनं गेली आणि ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पत्र पिठाच्या डब्यामागे आहे ना? ती सगळं तिथेच लपवते. माझा वाढदिवसाचा स्वेटरसुद्धा."

मी खिशातलं तिकीट काढून वाचायला लागलो.

"घाबरू नकोस. तिला का नको आहे ते मला माहीत आहे. तिथे नमुना घेताना पुन्हा विचारतील, त्या संध्याकाळी कुठे होतात. आणि मग सगळं गावभर होईल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मी पलीकडे होतो."

"पलीकडे म्हणजे?"

"ओढ्यापलीकडे. त्यांच्या गायक मंडळात."

मला वाटलं माझं जर्मन कमी पडतंय. मग त्यांनी नीट सांगितलं. आमच्या गावाचं पुरुषांचं गायक मंडळ होतं आणि आजींचे वडील त्याचे अध्यक्ष. जावयाची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून सासऱ्यांनी आजोबांना सहा वर्षं शेवटच्या रांगेत उभं केलं. पलीकडच्या मंडळाला टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष, हवा होता. त्यांनी तर एकट्याने गायचा तुकडाही दिला. दोन वर्षं आजोबा दर गुरुवारी पलीकडे जात होते. पुलावरून गेलं तर लोक बघणार, म्हणून ओढ्यातल्या दगडांवरून.

"सासऱ्यांना कळलं असतं तर ते त्याच दिवशी गेले असते," आजोबा म्हणाले. "खुनाचा संशय आला तरी मी पोलिसांना सांगणार नव्हतो. पण ती! मी तोंड उघडायच्या आत माझ्यासाठी पोलिसांशी खोटं बोलली. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिने वडिलांपुढे माझी लाज राखली. अशी बायको शोधून सापडायची नाही. तेव्हापासून मी कधी गायलो नाही, आणि तीही कधी टोचून बोलली नाही."

आईचं म्हणणं मला आठवत होतं. तरी मी बोललो. खूप वेळ 'म्हणजे', 'तसं नाही', 'माफ करा' असं करत करत बोललो.

"त्यांना गाण्याचं माहीत नव्हतं."

"छे, छे, माहीत होतं."

"नाही. तुम्ही घरी नव्हता, एवढंच माहीत होतं."

ट्राम थांबली, माणसं चढली, ट्राम सुटली. आजोबांनी चष्मा काढला. "मग तिला काय वाटलं?"

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

पुढच्या स्टेशनवर ते उठले. खाली उतरून आम्ही समोरच्या प्लॅटफॉर्मवर गेलो आणि उलटी ट्राम पकडली. वाटेत ते एकदाच बोलले. "चाळीस वर्षं ती खुन्याच्या शेजारी झोपली. आणि दर हिवाळ्यात त्याला स्वेटर विणला."

जिमच्या हॉलमध्ये त्यांनी रांगेत उभं राहून नमुना दिला, केक घेतला नाही, आणि सरळ घरी गेले. मी बागेत थांबणार होतो, पण आजोबांनी मला दंडाला धरून आत नेलं, साक्षीदार म्हणून. टेबलाशी उभ्याउभ्याच त्यांनी आजींना सगळं सांगितलं. मला वाटलं आता त्या रडतील. त्यांचे कान लाल झाले.

"पलीकडे? त्या श्वाबी लोकांत?"

"टेनर हवा होता त्यांना."

"माझे वडील तेव्हा जिवंत होते!"

"म्हणून तर—"

"खून असता तर मी समजून घेतलं असतं," आजी म्हणाल्या. "माणसाला राग येतो."

चार दिवस त्या आजोबांशी बोलल्या नाहीत. जेवण बाराच्या ठोक्याला टेबलावर येई, तेही माझ्यामार्फत. 'त्याला सांग सूप गरम आहे.' पाचव्या दिवशी मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "तुला खरं वाटतं का रे ते? पलीकडच्या मंडळातला एकही माणूस आता जिवंत नाही. सगळे मेले. सोयीचंच आहे की नाही?" आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. विश्वास ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं, आणि चाळीस वर्षांची सवय सुटत नव्हती. "निकाल येऊ दे," त्या म्हणाल्या.

निकाल येईना. उन्हाळा गेला. मला म्युनिकला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. निघताना आजोबांनी स्वतः केलेलं एक छोटं स्टूल दिलं, वाळलेल्या लाकडाचं, असं दोनदा सांगून. आजींनी दारात माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "काही कळलं तर तुला फोन करीन." मी कामाला लागलो, पण त्या भागातली बातमी रोज सकाळी शोधत होतो.

नोव्हेंबरच्या एका दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये फोन वाजला. आजी. त्यांनी आधी विचारलं की मी टोपी घालतो का. मग कँटीनमध्ये काय मिळतं ते विचारलं. मी सगळी उत्तरं दिली.

"सापडला," त्या म्हणाल्या.

"कोण?" मी काटा खाली ठेवला.

"मिलचा हिशेबनीस. पुतण्याने नमुना दिला होता, तो जवळचा निघाला, आणि त्यावरून काका. वीस वर्षांपूर्वीच मेलाय. आता पोलीस येऊन सांगून गेले." मग त्यांनी नाक शिंकरलं. "आमचा नाही."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही. तो मागे पानं गोळा करतोय. मी चाळीस वर्षं थांबले, त्याने रात्रीच्या जेवणापर्यंत थांबायला हरकत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो.

पण फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. तो कशावर तरी आपटला, मग खिडकीची कडी निघाली, आणि लांबून आजींचा आवाज ऐकू आला. त्या बागेत ओरडून सांगत होत्या की तू नव्हतास, ऐकतोयस का, तू नव्हतास.