लाईट गेल्यावरची मालिका

मी लिहितो ते माझ्या चुलतीमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण मला सलग बोलायला लावलं ते चौथीत शाळा सुटलेल्या काकीनं.

आमचं गाव वेल्हे तालुक्यात, गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला. काकीची आवडती मालिका नेमकी म्हशींच्या धारेच्या वेळी लागायची. डेअरीचा टेम्पो मालिकेसाठी थांबत नसे. म्हणून मी टीव्हीसमोर बसायचं आणि काकी दूध घालून भाकरीला बसली की तिला सगळं सांगायचं, असं ठरलं होतं.

लाईट बरेचदा जाई. तेव्हा मी मालिका मनानंच पुढं नेत असे. एकदा मी त्यातली थोरली सून विहिरीत पडून मेल्याचं सांगितलं. काकीची भाकरी तव्यावर करपली.

"अशी कशी मेली रं? काल तर म्हायेरी हुती."

"आज आली."

"आन् आल्या आल्या हिरीवर कशाला जाईल? आदी च्या तरी घिऊ दे तिला."

मी सुनेला चहा दिला. मग ती विहिरीवर गेलीच नाही.

गोठ्यातला दिवा आणि टीव्ही एकाच वायरीवर होते, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. लाईट गेलेली काकीला दरवेळी माहीत असायची. तरी ती आल्यावर मालिकेत काय झालं ते विचारायचीच.

माझ्या वडिलांना, दादांना, हे पसंत नव्हतं. दहावीनंतर त्यांनी मला आयटीआयला, वायरमनला घालायचं ठरवलं. मला भोरच्या कॉलेजात आर्ट्सला जायचं होतं, पण तसं म्हणायची छाती नव्हती. काकी दादांसमोर फारशी बोलत नसे. त्या दिवशी पदर सावरून दाराआडून म्हणाली, "भावजी, त्याला कालिजात घाला."

"तितं शिकून काय करंल? खोटं बोलंल?"

"त्ये तर आत्ताबी बोलतंय. शिकलं तर जरा नीट बोलंल."

दादा आधी हसले, मग रागावले. काकी रोज तेच म्हणत राहिली. शेवटी त्यांनी मला भोरच्या एसटीत बसवलं आणि नापास झालास तर सरळ खांबावर चढवीन, असं बजावलं. मी नापास झालो नाही. मात्र मी काय लिहितो, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

पहिली कादंबरी छापून झाली तेव्हा एक प्रत मी गावी पाठवली. सोबत हे पत्र होतं.

"काकी,

पुस्तक झालं. पहिली प्रत तुझी. अक्षर बारीक आहे, तुझ्या चष्म्याला झेपायचं नाही. तेव्हा दादांकडून मोठ्यानं वाचून घे. ते कुरकुर करतील, पण तुला सरळ नाही म्हणणं त्यांना आजवर जमलेलं नाही. पहिल्या दोन प्रकरणांत फारसं काही घडत नाही. तेवढं सांभाळून घ्या म्हणावं. वाचून झाल्यावर ते काय म्हणतील ते जसंच्या तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नकोस."